अंदाजपत्रकात एक रकाना वाढवा: इमारतीचा जन्मभराचा कार्बन



गोकुळ शिरगावात एका कारखानदाराला ऑफिसची नवी इमारत बांधायची होती. आपल्यातल्याच एका ठेकेदारानं ड्रॉइंग दाखवलं, दर सांगितला, चहा झाला. उठता उठता मालकानं विचारलं, "तुमच्या या बिल्डिंगचा कार्बन किती बसतो?" ठेकेदाराला आधी वाटलं, पीयूसीचं काहीतरी चाललंय. मग कळलं, मालकाचा माल परदेशात जातो आणि तिथला ग्राहक दरवर्षी फॉर्म पाठवून कार्बनचा हिशेब मागतो. आता तोच प्रश्न मालकानं पुढं ढकलला होता.

संध्याकाळी त्याचा मला फोन. "सर, माझं काम सळई-सिमेंटचं. हवेचा हिशेब मी कुठनं आणू?"

मी म्हटलं, तो हिशेब तुझ्याकडं आधीपासून आहे. तुझ्याच अंदाजपत्रकात. फक्त एक रकाना वाढवायचा राहिलाय.

व्हिडिओमध्ये हे पंधरा मिनिटांत उरकलं. इथं आकड्यांसकट, सावकाश बघू. वही-पेन आणि कॅल्क्युलेटर जवळ घ्या.

आधी आपल्या नाट्यगृहाकडं बघा

८ ऑगस्ट २०२४ ची रात्र कोल्हापुरात कोणी विसरणार नाही. केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ साली पूर्ण झालेलं हे पॅलेस थिएटर. छप्पर, रंगमंच, लाकूडकाम जळून गेलं. दगडी भिंती उभ्या राहिल्या. आणि सगळ्या गावातून एकच मागणी आली: होतं तसंच बांधा.

ही मागणी मायेची होती. पण कार्बनच्या वहीतसुद्धा ती बरोबर बसते. बघा कशी.

त्या भिंतींसाठी दगड फोडला, वाहिला, घडवला, तेव्हा जो काही कार्बन हवेत गेला तो १९१५ च्या आधी गेला. त्यानंतर शंभर वर्षांहून जास्त काळ त्या भिंतींनी काम दिलं. एका वर्षाच्या वाट्याला किती आला? नगण्य. त्या भिंती पाडून त्याच जागी नव्या काँक्रीटच्या उभ्या केल्या, तर आज पुन्हा नव्यानं कर्ज काढल्यासारखं होईल.

आता लाकूड बघा. झाड वाढताना हवेतला कार्बन घेतं. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो. एक किलो लाकूड जळलं की साधारण १.८ किलो कार्बन डायऑक्साइड परत हवेत जातो. शंभर वर्षं तुळयांमध्ये बंद असलेला कार्बन एका रात्रीत सुटला.

म्हणजे इमारतीचा कार्बन बांधताना एकदा मोजला आणि संपला, असं होत नाही. तो वापरात असतो, दुरुस्तीत असतो, जळण्यात आणि पाडण्यातही असतो. हा सगळा मिळून जो आकडा येतो, त्याला म्हणायचं जन्मभराचा कार्बन.

जन्म, संसार, शेवट

युरोपच्या ईएन १५९७८ या मानकानं इमारतीच्या आयुष्याचे टप्पे पाडले आहेत. नावं कंटाळवाणी आहेत: ए, बी, सी, डी. आपण आपल्या भाषेत लक्षात ठेवू.

ए म्हणजे जन्म. खाणीतून चुनखडी काढणं, सिमेंट-सळई-वीट तयार करणं, ट्रकनं साईटवर आणणं, साईटवरचं मिक्सर, क्रेन आणि नासाडी.

बी म्हणजे संसार. रंगरंगोटी, गळती, फरशी बदलणं, खिडक्या बदलणं, आणि रोजची वीज-पाणी.

सी म्हणजे शेवट. जेसीबी लावून पाडणं, राडारोडा वाहणं, टाकणं.

डी म्हणजे वारसा. पाडल्यावर निघालेलं सागवान, दगड, भंगार दुसऱ्याच्या कामी आलं तर त्याचा फायदा. हा आकडा वेगळा दाखवायचा, बेरजेत मिसळायचा नाही. का? कारण तो पुढच्या माणसाच्या हातात आहे. आज तुम्ही तो वजा करून मोकळे झालात आणि उद्या कोणी ते सागवान चुलीत घातलं, तर हिशेब खोटा ठरतो.

सोपं सूत्र एकच:

माल किती (किलो) × एका किलोमागं किती कार्बन = त्या मालाचा कार्बन.

पहिला आकडा तुमच्या अंदाजपत्रकात आहे. दुसरा आकडा तक्त्यातून घ्यायचा. आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळानं भारतातल्या बांधकाम साहित्याचा असा तक्ता २०१७ मध्ये काढला आहे. त्याच संस्थेचं 'एज' नावाचं ऑनलाइन साधन मोफत वापरता येतं. आणि काही मोठ्या सिमेंट-स्टील कंपन्या आपल्या मालाचं पर्यावरण घोषणापत्र, म्हणजे ईपीडी, देतात. ते मिळालं तर सर्वात उत्तम. डीलरकडं मागा. मागायला पैसे पडत नाहीत.

चला, एक घर मोजू

१२०० चौरस फुटांचं साधं आरसीसी घर घेऊ. प्रमाणं आपल्या नेहमीच्या ठोकताळ्याची: चौरस फुटाला ०.४ पोतं सिमेंट, ४ किलो सळई, आठ विटा. किलोमागचे आकडे ढोबळ आहेत. तुमच्या मालाचा खरा आकडा मिळाला की बदलून घ्या.

- सिमेंट (ओपीसी): ४८० पोती, म्हणजे २४ टन. किलोला ०.८५ धरला. झाले २०.४ टन.
- सळई: ४.८ टन. भारतात एक टन पोलादामागं सरासरी अडीच टन कार्बन जातो. झाले १२ टन.
- विटा: ९,६०० नग, प्रत्येकी ३ किलो. किलोला ०.२ धरला. झाले ५.८ टन.
- क्रश सँड आणि खडी: ३८ ब्रास, म्हणजे १६७ टनांच्या आसपास. झाला जेमतेम १ टन.
- वाहतूक: एकूण माल सव्वादोनशे टन. दहा टनांच्या २३ खेपा, जाऊन-येऊन ८० किलोमीटर, लिटरला ४ किलोमीटर. एक लिटर डिझेल जळलं की २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड. झाले १.२ टन.
- टाइल्स, अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या, रंग, वायर, पाइप: ढोबळ ५ टन.

बेरीज: ४५.४ टन. सतरा हजार लिटर डिझेल जाळण्याएवढा. आणि अजून वास्तुशांत झालेली नाही!

आता संसार. महिन्याला १५० युनिट वीज म्हणजे वर्षाला १,८००. आपल्या देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागं साधारण ०.७ किलो कार्बन पडतो. वर्षाचे १.२६ टन. पन्नास वर्षांचे ६३. पण सौर-पवनचा वाटा वाढतोय, पुढची वीज आजच्याएवढी काळी राहणार नाही. म्हणून निम्मे धरू, ३१.५ टन. रंग, टाइल्स, खिडक्या यांची दुरुस्ती-बदल मिळून ७.५ टन. शेवटी पाडण्याचे आणि राडारोडा वाहण्याचे २ टन.

जन्मभराचा कार्बन: ८६ टनांच्या आसपास. निम्म्याहून जास्त पहिल्याच वर्षात.

इथं थांबा आणि हे नीट बघा. विजेचा कार्बन पुढं कमी करता येतो. पाच वर्षांनी सोलर बसवाल, पंखे बदलाल. पण पाया भरला, स्लॅब टाकला, की तो कार्बन गेला. तो परत बोलावता येत नाही. म्हणून ठेकेदाराच्या हातात जे आहे, ते घरमालकाच्या हातात कधीच नसतं.

दुसरी गोष्ट. वाळू-खडीचं वजन सर्वात जास्त, पण कार्बन सर्वात कमी. टोपहून खडी आणायची की शियेहून, यावर तासभर डोकं लावण्यापेक्षा सिमेंटच्या पोत्यावर काय छापलंय ते वाचा. कार्बन वजनाच्या मागं जात नाही, भट्टीच्या मागं जातो. जिथं जास्त आच लागते, तिथं जास्त कार्बन. सिमेंटचं तर दुहेरी दुखणं आहे. भट्टीचा कोळसा वेगळाच, शिवाय १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच बाहेर पडतो. उद्या भट्टी सूर्यावर चालली तरी हा ४४ किलो जाणारच.

आपलं घर जगात कुठं बसतं? ८६ टनांना १११ चौरस मीटर आणि ५० वर्षांनी भागा. चौरस मीटरला वर्षाला साडेपंधरा किलो येतात. डेन्मार्कनं २०२३ पासून एक हजार चौरस मीटरवरच्या नव्या इमारतींना १२ किलोची कायदेशीर मर्यादा घातली आणि २०२५ मध्ये ती आणखी कडक केली. त्यांची वीज वेगळी, हवा वेगळी, थेट तुलना नको. पण तिथं हा आकडा असल्याशिवाय परवानगी मिळत नाही, एवढं लक्षात घ्या. परदेशी ग्राहकाच्या फॉर्ममागं हे आहे.

पाडायचं, की ठेवायचं?

आता खरा प्रश्न. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत, शुक्रवार पेठेत तुम्हाला आठवड्याला एक तरी माणूस भेटतो: "जुनं झालंय, पाडा आणि नवीन बांधा." आपण लगेच हो म्हणतो. काम मोठं, बिल मोठं.

समजा तेच १२०० फुटांचं जुनं आरसीसी घर आहे. पाया, कॉलम, स्लॅब ठेवायचे. खराब भाग खरवडून मजबुतीकरण, नवी फरशी, खिडक्या, वायरिंग, रंग. १२० पोती पीपीसी, ८०० किलो सळई, फिनिशिंगचे तेच ५ टन, थोडी वाळू आणि वाहतूक. बेरीज ११ टन.

नवं घर ४५.४ टनांत ५० वर्षं चाललं, तर वर्षाला ०.९१ टन. दुरुस्त घर ११ टनांत आणखी २५ वर्षं चाललं, तर वर्षाला ०.४४ टन. निम्मं. पाडण्याचे दोन टन वाचले ते वेगळेच.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगतो. ११ ला ०.९१ नं भागा. बारा वर्षं येतात. म्हणजे दुरुस्त केलेलं घर बारा वर्षांच्या आत परत पाडावं लागणार असेल, तर दुरुस्ती हरली. पैसेही गेले आणि कार्बनही. म्हणून "ठेवा" म्हणण्याआधी स्ट्रक्चरल ऑडिट. रिबाउंड हॅमर, गरज वाटली तर कोअर कापून चाचणी, सळई किती गंजली ते उघडून बघणं. आणि घर धोकादायक असेल तर पाडायचंच. कार्बन वाचवायला माणसं छताखाली ठेवायची नाहीत.

जुनं बांधकाम किती काळ चालू शकतं, हे बघायला लांब जायला नको. आपला टाउन हॉल १८७० च्या दशकातला, चार्ल्स मँट यांनी आखलेला. तिथं आज वस्तुसंग्रहालय आहे. सभेसाठी बांधलेली इमारत न पाडता दुसऱ्या कामाला लावली. नवा राजवाडा १८८४ मध्ये पूर्ण झाला, तोही आज वापरात आहे. हे सगळं त्या काळी कोणी कार्बनसाठी केलं नव्हतं. चांगलं बांधलं आणि नीट सांभाळलं, एवढंच.

बांधायचंच असेल, तर कुठं हात घालायचा?

एक. सिमेंट. ओपीसीऐवजी पीपीसी. यात फ्लाय अ‍ॅश मिसळलेली असते, १५ ते ३५ टक्के. किलोमागचा आकडा ०.८५ वरून ०.६ च्या आसपास येतो. आपल्या घरात थेट ६ टन वाचले. पण पीपीसी सावकाश ताकद धरतं. सेंट्रिंग काढायची घाई करू नका. आयएस ४५६ नुसार साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस ठेवायचे असतात; पीपीसीला त्याहून जास्त ठेवावे लागतात, किती ते तुमच्या इंजिनिअरला विचारा. पाणी मारणं किमान १० दिवस, उन्हाळ्यात १४ पर्यंत. इथं कंटाळा केला, तर वाचवलेला कार्बन पाच वर्षांनी गळतीच्या दुरुस्तीत परत जातो. चुनखडी आणि भाजलेली माती मिसळलेल्या एलसी-३ सिमेंटलाही २०२३ मध्ये भारतीय मानक मिळालं, आयएस १८१८९. डीलरकडं चौकशी करून ठेवा.

आपल्या फाउंड्रीवाल्यांसाठी एक धोक्याची सूचना. स्लॅग सिमेंटमधली स्लॅग ही पोलाद कारखान्याच्या ब्लास्ट फर्नेसची असते, पाण्यानं झटकन थंड करून दळलेली. शिरोलीच्या भट्टीतली स्लॅग ती नव्हे. ती उचलून काँक्रीटमध्ये टाकू नका. वापरून झालेली फाउंड्री वाळू पेव्हर ब्लॉकसारख्या कामात जाऊ शकते, पण तिच्यात बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटी असते. आधी प्रयोगशाळेत चाचणी, मग वापर.

दोन. सळई. "साहेब, भीती नको, दोन सळया जास्त टाका," हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो? जास्त सळई म्हणजे जास्त मजबुती, असं नसतं. सळई योग्य जागी, योग्य कव्हरमध्ये, योग्य रिंगा बांधून लागते. नीट डिझाइन करून चौरस फुटाला ४ चे साडेतीन किलो झाले, तर ६०० किलो वाचले. दीड टन कार्बन. किलोला ५५ रुपये धरले तर ३३ हजार रुपये. इंजिनिअरची फी त्यात निघते. खरेदी करताना मिलला विचारा, भंगारापासून केली की कोळशाच्या स्पंज आयर्नपासून. जालन्याचे कारखाने भंगार वितळवतात, पण प्रत्येकाचं मिश्रण वेगळं. केंद्राच्या पोलाद मंत्रालयानं डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या ठरवली: टनामागं २.२ टनांपेक्षा कमी कार्बन, आणि १.६ च्या खाली गेलं की पाच तारे. हे तारे विचारायची सवय लावून घ्या.

तीन. नासाडी. पाच टक्के सिमेंट वाया गेलं म्हणजे २४ पोती. आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला मी काय सांगू! जमिनीवर, भिंतीला टेकवून रचलेली थप्पी जूनमध्ये दगड होते. फळ्यांवर रचा, भिंतीपासून लांब ठेवा, आधी आलेलं आधी वापरा. पीपीसी धरली तरी पाऊण टन वाचतो.

चार. विटा. बाहेरच्या नऊ इंची भिंती रॅट-ट्रॅप बाँडमध्ये, म्हणजे विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवून बांधल्या, तर त्या भिंतींच्या विटा पाव हिश्शानं कमी लागतात. निम्म्या विटा अशा भिंतीत धरल्या तर १,२०० वाचल्या. पाऊण टन कार्बन. पोकळीमुळं घरही थंड राहतं. गवंड्याला सवय नसते, पहिली भिंत त्याच्या शेजारी उभं राहून बांधून घ्या.

पाच. वीज. गच्चीला पांढरा लेप किंवा चायना मोझॅइक, पश्चिमेच्या खिडकीला चांगली छपरी, आणि सोलर. सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे. एक किलोवॅट दिवसाला साधारण ४ युनिट देतं. दीड किलोवॅटमध्ये आपल्या घराचे महिन्याचे १५० युनिट निघतात. गच्चीवर सोलरची जागा आणि पाइप स्लॅबच्या आधीच ठेवा, नंतर फोडाफोडी नको.

पहिल्या चार गोष्टींनीच ४५.४ चे साडेछत्तीस झाले. पाचवा हिस्सा कमी. कुठलंही परदेशी मटेरियल नाही.

पंचगंगेला विसरून हिशेब करू नका

हा भाग कुठल्याही परदेशी मार्गदर्शकात सापडणार नाही, तो आपणच लिहायचा आहे. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. दोन वर्षांत दोनदा. पाणी ओसरल्यावर काय बाहेर आलं होतं आठवतंय का? फुगलेले प्लायवूडचे दरवाजे, किचनच्या ट्रॉल्या, जिप्समच्या भिंती, वायरिंग, गाद्या.

म्हणजे बी टप्प्यातली जी दुरुस्ती आपण पन्नास वर्षांत पसरून धरली, ती पूररेषेतल्या घरात एका आठवड्यात करावी लागते. तिथं "कमी कार्बनचं" म्हणून आणलेलं, पण पाण्यानं विरघळणारं मटेरियल दोनदा बांधावं लागलं, तर ते महागाचंच पडलं.

म्हणून पूर येणाऱ्या भागात तळमजल्यावर कडप्प्याची कपाटं, दगडी किंवा सिमेंटचे ओटे, वायरिंगचे बोर्ड छातीच्या वर, मीटर त्याच्याही वर. शहाबादी फरशी धुतली की परत वापरात. जिथं पाणी भरतं तिथं जास्तीची चार पोती सिमेंट जोत्याच्या उंचीत घालणं हा तोटा नव्हे. आकडा पहिल्या वर्षी थोडा वाढेल, जन्मभरात कमी होईल. जन्मभराचा हिशेब करायचा तो यासाठीच.

"सर, पण माझ्या पोटाचं काय?"

हा प्रश्न मी टाळणार नाही. ज्याचा नफा बिलाच्या टक्क्यावर आहे, त्याला "कमी वापर" सांगणं म्हणजे त्याच्या ताटातलं काढून घेणंच. म्हणून आधी तुमचा करार कसा आहे ते बघा.

मटेरियलसह दर असेल तर वाचलेली सळई, वाचलेलं सिमेंट ही तुमची बचत आहे. मालकाला मोकळेपणानं सांगा आणि वाटून घ्या. लपवलंत तर उद्या मालक म्हणेल, चोरी केली. ड्रॉइंगवर इंजिनिअरची सही घेऊन दाखवलंत तर म्हणेल, हुशार माणूस आहे.

फक्त लेबर रेट असेल तर मालाच्या बचतीतून तुम्हाला काही मिळत नाही. मग मोजण्याचे पैसे घ्या. अंदाजपत्रकासोबत एक पानाचं कार्बन पत्रक, त्याची वेगळी फी.

दुरुस्तीचं काम असेल तर दर चौरस फुटानं ठरवू नका. दुरुस्तीत उघडल्याशिवाय कळत नाही. ऑडिट वेगळं, मजबुतीकरण आयटमवार, फिनिशिंग वेगळं. दुरुस्तीत मटेरियल कमी आणि कसब जास्त. कसबाचा दर लावायला लाजू नका. काम नीट झालं तर तो मालक दर पाच वर्षांनी रंगाला, गळतीला तुम्हालाच बोलावतो. नवं बांधून दिलेलं घर एकदाच बिल देतं. सांभाळायला घेतलेलं घर देत राहतं.

मोठं काम असेल तर आणखी एक गोष्ट. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत गृह, आयजीबीसी यांसारखं हरित मानांकन मिळालेल्या इमारतीला ३ ते ७ टक्के जादा एफएसआय मिळतो. मानांकन म्हणजे जन्मभराचा कार्बन नव्हे, पण तुमचं पत्रक तिथं कामी येतं. आर्किटेक्टला विचारा.

आणि एक पथ्य. "झिरो कार्बन घर", "शंभर टक्के ग्रीन" असं फ्लेक्सवर छापू नका. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणाच्या खोट्या दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. दावा केला तर पुरावा हवा. त्यापेक्षा खाली स्पष्ट लिहा: कुठले टप्पे मोजले, कुठला तक्ता वापरला, किती वर्षं धरली. गंमत सांगू? तुमच्यापैकी कित्येक जण पीपीसी आधीच वापरतात. म्हणजे तुमचा आकडा आधीच कमी आहे. फक्त तो कधी कागदावर आला नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

१. गेल्या वर्षी पूर्ण केलेलं एक काम निवडा. अंदाज नको, खरेदीची बिलं काढा.

२. सिमेंटची पोती प्रकारासह, सळई, विटा किंवा ब्लॉक, टाइल्स, अ‍ॅल्युमिनियम. एवढ्याच पाच ओळी किलोमध्ये लिहा.

३. वर दिलेल्या आकड्यांनी गुणा. बेरजेला चौरस मीटरनं भागा (१० चौरस मीटर म्हणजे १०८ चौरस फूट, जवळजवळ). आपल्या घराचा पहिल्या वर्षाचा आकडा ४०७ किलो आला होता. तुमचा किती?

४. सर्वात मोठ्या ओळीखाली रेघ मारा. पुढच्या कामात फक्त त्या एका ओळीवर काम करा.

५. पुढचा जो ग्राहक "पाडा" म्हणेल, त्याला दर सांगण्याआधी एकच विचारा: "ऑडिट केलंय का?"

सुरुवातीला सांगितलेल्या ठेकेदारानं चौथ्या दिवशी मालकाला एक पान नेऊन दिलं. हातानं लिहिलेलं, सहा ओळींचं, खाली तीन ओळी काय धरलं आणि काय नाही याच्या. काम मिळेल की नाही अजून ठरलेलं नाही. पण मालकानं ते पान बघून विचारलं, "शेजारी माझं जुनं गोडाऊन आहे. तेच दुरुस्त करून ऑफिस झालं तर हा आकडा किती होईल?"

आता तो त्या गोडाऊनचं माप घ्यायला गेलाय.